रिमवरची काळी पूड

गाडी धुऊन आठवडाही होत नाही तोच पुढच्या दोन चाकांवर काळपट थर दिसायला लागतो. बोट फिरवलं तर बोट काळं होतं. मागची चाकं मात्र बऱ्यापैकी स्वच्छ असतात. पुष्कळांची समजूत असते की ही रस्त्यावरची धूळ. धूळ असती तर ती चारही चाकांवर सारखी बसली असती. ही पूड गाडी स्वतःच तयार करते, ब्रेकवर पाय पडेल तशी थोडी थोडी.

ती कशाची असते हे आधी पाहू, कारण पुढचा सगळा उपाय त्यावरच ठरतो. चाकाच्या आत फिरणारी डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. तिला दोन्ही अंगांनी ब्रेक पॅड येऊन चिमटतात. पॅडमध्ये धातूचे तंतू आणि भुकटी, ग्रॅफाइट, बेरियम सल्फेटसारखे भरीचे पदार्थ आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारी राळ असते. ब्रेक दाबला की पॅड झिजतात आणि डिस्कही झिजते. त्यामुळे रिमवर येऊन बसणाऱ्या या पुडीत मोठा वाटा चक्क लोखंडाचा असतो. कण सुटतात तेव्हा ते तापलेले असतात आणि राळेमुळे थोडे चिकटही. नुसते बसले आहेत तोवर ते पाण्यानं आणि शॅम्पूनं निघतात. त्यांच्यावर दव पडलं, पाऊस पडला, अर्धवट धुतल्याचं पाणी राहिलं, की लोखंड गंजायला लागतं. कण फुगतात, रिमवरच्या पारदर्शक लॅकरला घट्ट धरतात आणि काळ्या पुडीच्या जागी तपकिरी ठिपके दिसू लागतात. या अवस्थेला गेलेली पूड साबणाला दाद देत नाही. मग माणूस तारेची घासणी किंवा ॲसिड हातात घेतो आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: पूड गंजण्याआधी, सौम्य साधनांनी, वरचेवर काढावी. तीन महिन्यांतून एकदा जालीम औषध मारण्यापेक्षा आठवड्यातून एकदा चाकांना दहा-पंधरा मिनिटं देणं रिमला जास्त मानवतं.

पुढचीच चाकं का?

ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे येतो. थांबवण्याचं बहुतांश काम, साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त, पुढचे ब्रेक करतात. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याचशा छोट्या गाड्यांना मागे डिस्क नसून ड्रम असतो. ड्रममध्ये लायनर आतून दाबले जातात आणि त्यांची पूड बहुतेक आतच साठते. चारही चाकांना डिस्क असलेल्या गाडीत मागची चाकंही काळी होतात, पण कमी.

पॅड कोणत्या जातीचे यावरही बरंच अवलंबून असतं. युरोपीय बनावटीच्या गाड्यांची चाकं फार लवकर काळी होतात अशी मालकांची नेहमीची तक्रार असते. वेगात असलेली गाडी जोरकस पकडून थांबवणारे, धातूचा अंश असलेले पॅड तिकडे पसंत केले जातात. ते पकडतात छान, पण पूडही भरपूर सोडतात. सिरॅमिक पॅडची पूड कमी आणि फिकट रंगाची असते, त्यामुळे ती डोळ्यांना खुपत नाही. पॅड बदलायची वेळ आली की तुमच्या मॉडेलसाठी तसा पर्याय आहे का, हे मेकॅनिकला जरूर विचारा. मात्र कंपनीनं सांगितलेल्या प्रतीपेक्षा हलके, अनोळखी छापाचे पॅड केवळ चाकं स्वच्छ राहतात म्हणून घेऊ नका. पॅड निवडताना रिमचा विचार सगळ्यात शेवटी. काही जण डिस्क आणि रिम यांच्या मध्ये पत्र्याची चकती बसवून पूड अडवतात. त्या चकतीनं डिस्कला गार ठेवणारी हवाही अडते, आणि घाटात तीच हवी असते. ज्याला वर्षातून दोनदा तरी महाबळेश्वर किंवा आंबोली गाठायची आहे त्यानं हा उद्योग करू नये.

ही पूड केवळ दिसायला वाईट असते असंही नाही. तिच्यातलं तांबं पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-नद्यांत जाऊन माशांना घातक ठरतं म्हणून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी 2010 मध्ये कायदे करून ब्रेक पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्यानं कमी करायला लावलं. युरोपच्या ‘युरो 7’ नियमांत तर धुराच्या नळीबरोबर ब्रेकमधून सुटणाऱ्या सूक्ष्म कणांवरही मर्यादा आली आहे: पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना किलोमीटरमागे 7 मिलिग्रॅम, निव्वळ विजेवर चालणाऱ्यांना 3. सात मिलिग्रॅम ऐकायला नगण्य वाटतं. दहा हजार किलोमीटरला त्याचे 70 ग्रॅम होतात, आणि ते फक्त हवेत तरंगण्याइतके बारीक कण. चाक साफ करताना हे लक्षात ठेवून एक पथ्य पाळायचं. कोरडी पूड कधी फुंकायची, झटकायची किंवा कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची नाही. आधी पाणी मारायचं, मग हात लावायचा. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉसही असू शकतं. गॅरेजमध्ये ड्रम उघडून एअरगननं साफ करत असतील तर आपण तरी चार पावलं लांब उभं राहावं.

पूड मुळात कमी तयार व्हावी यासाठी चालवण्याची पद्धतच कामाला येते. घाटात हे सगळ्यात जास्त जाणवतं. बोरघाट, कसारा, पसरणी किंवा ताम्हिणी उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवणारी गाडी खाली पोचते तेव्हा पुढची चाकं काळी झालेली असतात, ब्रेकचा वास येत असतो, आणि डिस्क इतकी तापलेली असते की पेडल पुरेसं पकडत नाही. जुने ड्रायव्हर सांगतात तो नियम आजही चोख आहे: ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असतात, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ वापरा. वेग इंजिनानं धरू द्या, ब्रेक मधूनमधून ठामपणे दाबून सोडा. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं हा समज चुकीचा आहे. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असताना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा बहुधा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोलही जातं आणि ब्रेकही.

विजेच्या गाडीत मोटरच वेग कमी करून बॅटरीत वीज परत घालते, त्यामुळे पूड फार कमी. तिच्या डिस्कना उलटी तक्रार असते. वापरच कमी असल्यानं त्यांच्यावर गंज साठतो. अशा गाडीचे ब्रेक मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून मुद्दाम जरा जोरात लावावेत.

पूड काय सांगते

चाक धुण्याआधी एकदा चारही चाकांकडे बघून घ्या. धुतल्यावर ही माहिती वाहून जाते. पुढच्या दोन चाकांवरचा थर साधारण सारखा असायला हवा. एकच चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे काळं असेल तर त्या चाकाचा कॅलिपर पूर्ण सुटत नसण्याची शक्यता आहे. त्याच्या सरकत्या पिना कोरड्या पडतात किंवा पिस्टन अडकतो आणि पॅड डिस्कला घासत राहतो. खात्री करायची असेल तर थोडं अंतर ब्रेक फारसा न लावता चालवून थांबा आणि हात रिमजवळ न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त गरम लागलं तर गाडी गॅरेजला दाखवा. ॲव्हरेज घटणं, गाडी एका बाजूला ओढणं, ही त्याचीच भावंडं. याच्या उलट एक चाक संशयास्पद स्वच्छ असेल तर तिथला ब्रेक पुरतं काम करत नसावा, आणि हे जास्त गंभीर.

काळ्या थराऐवजी रिमच्या आतल्या बाजूला किंवा टायरच्या कडेला तेलकट ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलची किंवा ग्रीसची गळती असू शकते. ती पुसून पुढे जाऊ नका. धुवायचं काम बाजूला ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा.

रिम कसलं आहे

बाजारातल्या बहुतेक अलॉय रिमवर रंग आणि त्यावर पारदर्शक लॅकर असतं. आपण धुतो ते हे लॅकर. ॲल्युमिनियमला पाण्याचा स्पर्शही होत नसतो. हे लॅकर शाबूत आहे तोवर रिम सुरक्षित. डायमंड-कट म्हणून जे चकचकीत, बारीक रेषांचे दुरंगी रिम येतात, त्यांच्या पुढच्या बाजूला रंग नसतो. लेथवर तासलेल्या धातूवर थेट पारदर्शक लॅकर असतं. फुटपाथला घासून किंवा खडी उडून तिथं एक बारीक टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि लॅकरच्या खाली अळीसारख्या पांढरट रेषा पसरत जातात. या रेषा कुठल्याही क्लिनरनं जात नाहीत. लॅकर काढून रिम पुन्हा तासून घ्यावं लागतं, आणि तासताना धातू कमी होत असल्यानं तेही मोजक्याच वेळा करता येतं. नवी गाडी घेताना डायमंड-कट रिमवर जीव जडत असेल तर हे माहीत असू द्या. गावाकडच्या रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्यांना मी साधे, रंगवलेले रिमच सुचवीन.

जुन्या किंवा बाहेरून बसवलेल्या रिमवर लॅकर आहे की नाही ते कळत नसेल तर एका कोपऱ्यात, न दिसेल अशा जागी, थोडं मेटल पॉलिश पांढऱ्या फडक्यानं चोळा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. अशा रिमला जास्तच सौम्य हाताळावं लागतं. लोखंडी रिम आणि प्लॅस्टिकच्या व्हील कॅप असलेल्यांचं काम सोपं आहे. कॅप काढून बादलीत धुता येते. फक्त ती परत बसवताना टायरच्या हवेच्या नळीची खाच जुळवून बसवायला विसरू नका.

ॲसिडची भानगड

वॉशिंग सेंटरवर पाच मिनिटांत चाकं आरशासारखी होतात तेव्हा स्प्रेच्या बाटलीत काय आहे हे विचारायची सवय ठेवा. कधी ते साधं सौम्य क्लिनर असतं. कधी त्यात तीव्र ॲसिड असतं. हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लुओराइड असलेलं क्लिनर गंजलेली पूड झटक्यात काढतं, म्हणून ते व्यावसायिक कामात वापरलं जातं. त्याचा धोका असा की सौम्य द्रावण कातडीवर पडलं तर लगेच आग होतेच असं नाही. काही तासांनी वेदना सुरू होतात, तोवर ते आत खोलवर गेलेलं असतं आणि शरीरातल्या कॅल्शियमला धरतं. उघड्या हातांनी, चपला घालून हे काम करणारी मुलं आपण रोज पाहतो. कधी चुकून असं काही अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं धुवावं आणि बाटली बरोबर घेऊन ताबडतोब डॉक्टरकडे जावं. दुखायची वाट पाहू नये.

घरगुती बाजूनं पाहिलं तर फरशी आणि संडास धुण्याचं ॲसिड हेही तितकंच वर्ज्य. ते लॅकरवर डाग पाडतं, टवक्यातून आत जाऊन ॲल्युमिनियम खातं आणि वर नट, डिस्क, कॅलिपर गंजवतं ते वेगळंच. बरं, ॲसिड वाईट म्हणून सोडा चांगला असंही नाही. ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजननं आपोआप एक पातळ संरक्षक थर तयार होतो. तो साधारण 4 ते 8.5 सामू असलेल्या पाण्यात टिकतो. त्याहून आंबट किंवा त्याहून क्षारयुक्त झालं की विरघळायला लागतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवू नये असं घरोघरी सांगतात त्यामागचं कारणही हेच. कपड्याच्या पावडरमध्ये धुण्याचा सोडा असतो, तो दुसऱ्या टोकाला जातो. एकदा-दोनदा वापरल्यानं काही होणार नाही, पण दर आठवड्याला तीच वापरली तर लॅकरची चमक जाते आणि उघडा धातू काळवंडतो. भांड्याचं लिक्विड त्या मानानं बरं, तरी ते मेण आणि सीलंटचा थर धुऊन काढतं. गाडीचा शॅम्पू महाग वाटतो पण बादलीला झाकणभर पुरतो. वर्षाचा हिशेब केला तर पावडरपेक्षा फार वेगळा येत नाही.

मग गंजून रुतलेल्या पुडीचं काय? तिच्यासाठी ‘आयर्न रिमूव्हर’ नावाचं द्रव मिळतं. बऱ्याच उत्पादनांत थायोग्लायकोलेट असतं. केस कुरळे करायच्या पार्लरमधल्या औषधातही तेच असतं, म्हणून वास तसाच उग्र, नाकाला झोंबणारा. लोखंडाशी त्याचा संयोग झाला की पांढरा फेस जांभळा होतो आणि रिमवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. पहिल्यांदा पाहणारा दचकतो. त्याचा अर्थ फक्त इतकाच की औषध लोखंडाला लागलं. आतली डिस्क लोखंडाचीच असल्यानं ओघळ तिथूनही येतील, त्यावरून चाक अजून घाण आहे असं समजून पुन्हा पुन्हा मारू नका. शक्यतो डिस्कवर फवारूच नका. थंड चाकावर, सावलीत, हातमोजे घालून मारा. दोन-तीन मिनिटं किंवा बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा. ब्रश फिरवा आणि वाळायच्या आत भरपूर पाण्यानं धुऊन टाका. दुसऱ्या कुठल्याही क्लिनरबरोबर, विशेषतः ॲसिड किंवा ब्लीचबरोबर, मिसळू नका. वर्षातून दोन-तीनदा हे पुरतं. बाटलीवर लॅकर असलेल्या रिमसाठी योग्य आहे असं लिहिलेलं वाचून घ्या आणि एका कोपऱ्यात करून पाहा. डांबराचे ठिपके यानं जात नाहीत; त्यांना टार रिमूव्हर लागतो. पेट्रोलनं पुसायच्या फंदात पडू नये, ते टायरच्या रबरालाही वाईट आणि आगीचा धोका आहेच.

धुण्याचा क्रम

पहिली अट, चाक थंड हवं. घाट उतरून किंवा हायवेवरून येऊन थेट रॅम्पवर गाडी चढवली आणि थंड पाण्याचा फवारा बसला तर तापलेली डिस्क एकदम, असमान निवते. ती किंचित जरी वाकली तरी पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग आणि पेडल थरथरतं. शिवाय गरम रिमवर शॅम्पू आणि औषध क्षणात वाळून डाग सोडतं. गाडी सावलीत उभी करून अर्धा-पाऊण तास थांबा. चहा प्या, पेपर वाचा.

आधी चाकं, मग बॉडी. उलट केलं तर चाकांची काळी घाण धुतलेल्या दारांवर उडते. चाकांची बादली आणि फडकं वेगळं, हा नियम मोडू नका. त्या फडक्यात अडकलेली धातूची पूड बॉनेटवर फिरली तर उन्हात गोल गोल चरे चमकतात. आणि इथं आपल्या सोसायट्यांमधली पद्धत विचारात घ्यावी लागते. भल्या पहाटे एका बादलीत, एकाच फडक्यानं रांगेतल्या सगळ्या गाड्या पुसल्या जातात. पाचव्या गाडीपर्यंत त्या बादलीतलं पाणी म्हणजे रेती आणि पूड यांचं पातळ मिश्रण झालेलं असतं. गाडी पुसणाऱ्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दोन वेगळ्या रंगांची फडकी आणि शॅम्पूची छोटी बाटली आपणच द्यावी, आणि ‘दादा, चाकांना कोरडं फडकं लावू नका’ एवढं सांगून ठेवावं. जमत असेल तर चाकं आपल्याकडेच ठेवावीत.

एका वेळी एकच चाक घ्या, म्हणजे शॅम्पू वाळत नाही. पाण्यानं सैल घाण वाहून जाऊ द्या: वरून खाली, आरे, आऱ्यांच्या मागची बाजू, आतला गोल भाग. सोसायटीत पाइपला बंदी असेल किंवा टँकरचे दिवस असतील तर झाडांवर औषध मारायचा दोन लिटरचा हातपंप घ्या. त्यात शॅम्पूचं पाणी भरून फवारलं, मिनिटभर थांबलं, की एका चाकाला मगभर पाण्यात काम होतं. मग मऊ ब्रश. आऱ्यांसाठी दुकानातला व्हील ब्रश चांगलाच, पण रंग मारायचा दोन इंची जुना मऊ ब्रशही उत्तम चालतो. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर तोच पत्रा रिमवर ओरखडे काढील. नटांच्या खोबणीला मऊ टूथब्रश. तारेची घासणी, काथ्या, भांड्यांचा हिरवा स्क्रबर यांना चाकांच्या आसपासही फिरकू देऊ नका.

आतल्या बाजूला हात घालताना तिथं चिकटवलेल्या शिशाच्या किंवा पत्र्याच्या छोट्या पट्ट्या दिसतील. त्या बॅलन्सिंगची वजनं आहेत. चिकटा समजून खरवडल्या तर चाकाचा तोल जाईल आणि वेग वाढवल्यावर स्टिअरिंग हलायला लागेल.

प्रेशर वॉशर असेल तर नोझल टायरपासून किमान एक फूट लांब ठेवा. जवळून मारलेली धार टायरची बाजू आणि हवेची नळी खराब करू शकते. ती कॅलिपरच्या रबरी टोप्यांवर आणि बेअरिंगच्या सीलवरही रोखू नये.

धुऊन झालं की लगेच कोरड्या मायक्रोफायबरनं पुसा. बोअरचं पाणी असेल तर हे टाळता येण्यासारखं नाही. क्षाराचं पाणी रिमवर वाळलं की पांढरे गोल उमटतात आणि उन्हात भाजले की लॅकरमध्ये बसतात. शेवटचा हात तरी बोअरच्या किंवा आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याऐवजी गोड्या पाण्याचा द्या. आरओमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार उलट जास्त असतात. ते गाडीला वापरून पाणी वाचवल्याचं समाधान मिळतं, डागही मिळतात.

कोकणातल्या वाटा

पावसाळ्यात कोकणातला लाल चिखल किंवा देशावरची काळी चिकण माती रिमच्या आतल्या गोलात बसते आणि वाळून घट्ट होते. पुढच्या दिवशी ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरलं की लोक अलाइनमेंटला पळतात. आधी चाकांच्या आतल्या बाजूनं माती काढून बघा, पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं.

खाऱ्या हवेत राहणाऱ्यांना आणि समुद्रावर जाऊन आलेल्यांना वेगळी काळजी. वाळूवर गाडी नेणं हा मुळातच वाईट उद्योग. बऱ्याच ठिकाणी त्याला मनाई आहे आणि भरती कोणासाठी थांबत नाही. तरी किनाऱ्याच्या रस्त्यानं जाऊन आलात, चाकांना खारं पाणी किंवा ओली वाळू लागली, तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं चाकं आतून-बाहेरून धुवा. टवका उडालेल्या जागी मीठ पोचलं की पांढऱ्या रेषा फार वेगानं वाढतात.

संरक्षणाचा थर

स्वच्छ रिमवर मेण, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग दिलं तर पूड येतच राहते, पण तिला धरायला जागा मिळत नाही. शॅम्पूच्या एका हातात निघते. यातलं नैसर्गिक कार्नोबा मेण 80-85 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे ब्रेकजवळच्या चाकावर ते फार दिवस तग धरत नाही. सिंथेटिक सीलंट काही महिने टिकतो आणि घरी लावता येतो. माझ्या मते बहुतेकांना तोच पुरे. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं, पण ते नीट लावायचं तर चाकं काढून, रुतलेलं लोखंड आणि डांबर पूर्ण काढून, कोरड्या रिमवर आतून-बाहेरून लावावं लागतं. घाणीवर कोटिंग दिलं तर घाणीचंच जतन होतं. लाख-दीड लाखाची जुनी गाडी असेल तर हा खर्च करू नका.

थर द्यायची उत्तम वेळ म्हणजे टायर रोटेशन. दर दहा हजार किलोमीटरला चाकं तशीही निघतात. सर्व्हिसला गाडी दिलीत की रिमची आतली बाजू धुऊन, वाळवून सीलंट लावायला सांगा किंवा स्वतः उभे राहून लावा. फक्त नट जिथं टेकतात त्या जागेवर आणि डिस्कला चाक चिकटतं त्या मागच्या सपाट भागावर काहीही लावायचं नाही. घरी चाक काढणार असाल तर गाडी सपाट जागी, स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नाही. नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासा.

डिस्क ओली आहे

धुतल्यावर तासाभरात डिस्कवर नारिंगी गंज दिसतो. घाबरून कोणी त्यावर तेल, डब्ल्यूडी-40 किंवा पॉलिश फवारतं. हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. डिस्कवर तेलाचा पातळ थर आला की ब्रेक पकडत नाहीत, आणि पॅडमध्ये तेल शोषलं गेलं तर पॅडच बदलावे लागतात. तो नारिंगी थर दोन-चार वेळा ब्रेक लावताच निघून जातो.

टायर काळे करण्याच्या पॉलिशचंही तेच. तेलकट सिलिकॉन पॉलिश भसाभसा मारलं की चाक फिरताना त्याचे थेंब रिमवर आणि डिस्कवर उडतात, आणि त्यांच्यावर पूड दुप्पट चिकटते. वॉटर-बेस्ड पॉलिश घ्या, स्पंजवर घेऊन फक्त टायरच्या बाजूला लावा, जास्तीचं पुसून टाका. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर लावू नका, पहिल्याच ओल्या वळणावर गाडी घसरेल. वॉशिंग सेंटरवाले डिझेल मिसळलेलं पॉलिश मारत असतील तर काम सुरू होण्याआधीच नको म्हणा, ॲसिडला म्हणाल तसंच.

गाडी धुऊन तशीच हँडब्रेक ओढून दोन दिवस उभी ठेवू नका. ओले लायनर ड्रमला आणि पॅड डिस्कला चिकटून बसतात. धुतल्यावर परिसरात एक फेरी मारा, हळू चालवत ब्रेक चार-पाच वेळा हलकेच दाबा. डिस्क आणि पॅड वाळतील. पेडल नेहमीसारखं पकडतंय याची खात्री करा आणि मगच मोठ्या रस्त्याला लागा.